विश्रांतीवर खाडा

दसरा-दिवाळी उलटली की धाराशिव जिल्ह्यातील भूम, वाशी, कळंब या भागांतील अनेक वस्त्यांवर म्हातारीकोतारी तेवढी मागे उरतात. कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडांकडे निघून जातात. या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसांची मोजदाद हत्यारावरून व्हावी, यातच त्या व्यवस्थेचे मर्म सामावले आहे. या जोड्यांपैकी कोणाला मधुमेह असतो, कोणाला रक्तदाब, कोणाला सांधेदुखी, तर कोणाला वर्षानुवर्षांचा रक्तक्षय. अशा आजाराचे नाव सांगणारा डॉक्टर कधीतरी भेटतो, गोळ्याही मिळतात. परंतु आजार अंगावर वागवीत कष्ट उपसताना जी थकावट शरीराला आणि पुढे मनालाही ग्रासते, तिची नोंद कोणत्याच केसपेपरवर होत नाही.

दीर्घ आजारातील थकवा हा आळसाचा प्रकार नव्हे. मधुमेहात रक्तातील साखर वाढलेली असली तरी शरीराला ती नीट वापरता येत नाही. रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागल्याने झोप मोडते. रक्तक्षयात प्राणवायू पोचवणारे हिमोग्लोबिनच कमी पडते. साखर उतरवणारी काही औषधे घेऊन पोटात पुरेसे अन्न न जाता अंगमेहनत केली, तर साखर एकाएकी घसरून भोवळ येते. ‘वेळेवर जेवा, पुरेशी झोप घ्या, दर महिन्याला तपासणीस या,’ हा सल्ला वैद्यकदृष्ट्या अचूक आहे. मात्र पहाटेच्या अंधारात फडावर जाणाऱ्या आणि ट्रक येईल तेव्हा, मग ती मध्यरात्र असो, मोळ्या भरणाऱ्या माणसाने तो पाळावा कसा? बाईला तर त्याआधी कोपीतली चूल पेटवून भाकऱ्या थापायच्या असतात.

याच्याही पुढची अडचण म्हणजे खाडा. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल कामातून फेडायची असते. आजारपणामुळे एक दिवस जरी चुकला, तरी त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंडाची रक्कम अंगावर चढते. म्हणजे येथे विश्रांती नुसती बिनपगारी नाही. ती कर्ज वाढवणारी आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दुखण्यापायी पडणारे खाडे टाळण्याची धडपड हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. विसाव्याचा एक दिवस मिळत नाही म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकावा, इतकी ही व्यवस्था निर्दय आहे.

कामाने माणूस आतून जळून राख होण्याच्या या अवस्थेचे वर्णन हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत १९७४ मध्ये केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची नोंद करताना तिला रोग म्हटले नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी घटना, अशी तिची व्याख्या केली. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण जर कामाच्या रचनेत असेल, तर त्यावरचा उपायही प्रथम तेथेच शोधला पाहिजे. सुखवस्तू वर्गात यावर ध्यानधारणा, सुट्टी, छंद असे उपाय सुचवले जातात. ते निरुपयोगी आहेत असे नाही, पण ते ज्याच्या पदरी पगारी रजा आहे त्याच्यासाठी आहेत.

पगारी रजा तरी कोणी दानात दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रदीर्घ झुंजीनंतर. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने आजारी कामगाराला घरी बसूनही वेतनाचा काही भाग मिळण्याची सोय केली. परंतु त्याच कायद्याने साखरेसारखे हंगामी कारखाने वगळले, आणि ऊसतोड मजूर तर कारखान्याचा कामगारच मानला जात नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ पदरात पडली, ती संघटनांच्या रेट्यामुळेच. तिचे मोल कमी नाही. मात्र टनावर ठरलेल्या दरात आजारपणाच्या दिवसाला जागा नसते. दर वाढतो तसा न तोडलेल्या टनाचा तोटाही वाढतो.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. आजारपणाचा आणि पाळीचा खाडा बंद झाला पाहिजे. आजाराच्या दिवसांची किमान भरपाई कारखान्यांनी आणि शासनाने मिळून दिली पाहिजे. हंगामास निघताना प्राथमिक आरोग्य केंद्रातून काही महिन्यांची औषधे एकदम मिळावीत, आणि गावची नोंद कारखान्याजवळच्या दवाखान्यात ग्राह्य धरली जावी. दीर्घ आजाऱ्याला टोळीत हलके काम मिळावे आणि त्यापायी त्याची मजुरी कापली जाऊ नये.

एक गोष्ट चळवळीने स्वतःशीही ताडून पाहावी. जयप्रकाशजींची मूत्रपिंडे १९७५ च्या स्थानबद्धतेच्या काळात निकामी झाली आणि डायलिसिसवर जगत त्यांनी १९७७ च्या निवडणुकीत देश जागवला. त्या धैर्यापुढे मस्तक नमते. पण असामान्य माणसाचे धैर्य हा सामान्य कार्यकर्त्याला लावण्याचा दंडक होऊ शकत नाही. सभेला न आलेल्या मधुमेही कार्यकर्त्याकडे ‘ढिला पडला’ म्हणून पाहणारी शाखा नकळत मुकादमाचीच भाषा बोलत असते. त्याच्या वाट्याचे काम दुसऱ्याने उचलावे, त्याला बसून होण्याजोगे काम द्यावे, आणि ‘आज झेपत नाही’ हे वाक्य कोणालाही शरमेशिवाय उच्चारता यावे, एवढी व्यवस्था करायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. जी संघटना आपल्या आजारी सोबत्याला खाडा लावीत नाही, तिलाच फडावरचा खाडा बंद करा असे ताठ मानेने म्हणता येईल.