कौतुक आहे, शाळा नाही

मुंबईतील एका टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान आणि एका वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह या दोघांनी बॅले या पाश्चात्त्य नृत्यप्रकारात मिळवलेले यश आता सर्वश्रुत आहे. येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकी शिक्षकाने एका खासगी नृत्यसंस्थेत त्यांना घडवले. २०१७ मध्ये अमीरुद्दीनला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. या दोघांच्या आयुष्यावरून सूनी तारापोरवाला यांनी काढलेला ‘ये बॅले’ हा चित्रपट २०२० मध्ये आला. त्यात मनीषने स्वतःच काम केले. २०२३ मध्ये त्याच्यावर ‘कॉल मी डान्सर’ हा अनुबोधपटही निघाला. समीक्षकांनी स्तुतिसुमने उधळली. चाळीत आणि झोपडपट्टीत किती गुणवत्ता दडलेली आहे, असे उद्गार निघाले.

या तरुणांच्या कष्टांविषयी शंका घेण्याचे कोणासही कारण नाही. आक्षेप आहे तो या स्तुतीच्या मुळाशी असलेल्या विचाराविषयी. गरीब घर, जन्मजात प्रतिभा, विलक्षण जिद्द, योगायोगाने भेटलेला गुरू, उदार दाता आणि अखेरीस परदेश, असा या कथेचा ठरलेला क्रम आहे. त्यात समाज कुठेच नाही, शासन कुठेच नाही. एका मुलाला वर काढले की व्यवस्था निर्दोष सुटते. उरलेल्या लाखोंपाशी जिद्दच नव्हती, असे न बोलता सिद्ध होते.

एकच उदाहरण पुरे आहे. बॅलेचे शिक्षण साधारणतः आठव्या-दहाव्या वर्षी सुरू होते. मनीषने ते सुरू केले तेव्हा तो विशीच्या घरात पोहोचला होता. इतक्या उशिरा सुरुवात करूनही तो एवढा पुढे गेला, याचे समीक्षकांना अप्रूप वाटते. वस्तुतः त्यांनी विचारायला हवे होते की, ती दहा वर्षे गेली कुठे? श्रीमंताच्या मुलाची ती वर्षे कोणी हिरावून घेतली नसती. ज्याला चमत्कार म्हणून गौरवले जाते, तो खरे तर समाजाविरुद्धचा पुरावा आहे.

याच्या शेजारी दुसरे एक चरित्र ठेवून पाहावे. कार्लोस अकोस्टा हा हवानातील एका ट्रकचालकाचा मुलगा, जन्म १९७३. पोरगा रस्त्यावर वाया जाऊ नये म्हणून बापाने त्याला बॅलेच्या शाळेत घातले. ती शाळा सरकारी होती आणि विनामूल्य होती. १९९० मध्ये त्याने लोझानच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. पुढे लंडनच्या रॉयल बॅलेचा तो अग्रगण्य नर्तक झाला. टॅक्सीचालकाचा मुलगा आणि ट्रकचालकाचा मुलगा यांच्या प्रतिभेत डावे-उजवे करण्याचे कारण नाही. फरक इतकाच की, एकाच्या वाट्याला हक्काची शाळा आली आणि दुसऱ्याला दात्याची वाट पाहावी लागली. अर्थात, शाळा देणाऱ्या राजवटीने माणसावर पहारा बसवावा, असे लोकशाही समाजवाद कधीच म्हणणार नाही. लेनिनग्राडच्या सरकारी शाळेत घडलेला नुरेयेव १९६१ मध्ये पॅरिसला पळाला, हेही विसरता येत नाही. शाळा हवी, पहारा नको.

आता मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर यावे. जव्हार तालुक्यातील दाभोसा शहरवासीयांना ठाऊक आहे ते लेंडी नदीवरील धबधब्यामुळे. पावसाळ्यात मोटारी येतात, पाणी पाहून लोक थक्क होतात आणि परत जातात. पण याच जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर भाताची कापणी झाली की तारपा वाजू लागतो. वादकाभोवती हातात हात गुंफून स्त्री-पुरुषांचा फेर धरला जातो आणि सूर बदलला की सर्वांची पावले एकदम बदलतात. बोहाड्यात पुरुष देवदेवतांचे जड मुखवटे चढवून संबळाच्या ठेक्यावर रात्र रात्र नाचतात. मुलग्याने नाचावे याचे मध्यमवर्गीय समीक्षकांना केवढे आश्चर्य! येथे पुरुषाचे नाचणे हा ना लाजेचा विषय आहे, ना बातमीचा.

मग सण संपतात, आणि तीच तरणीताठी माणसे बिऱ्हाड पाठीशी बांधून भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. भट्टीवर गेलेल्या आईबापांमागे मुलांची शाळा सुटते. या मुलांपैकी कोणात अकोस्टा असेल, हे कोण सांगणार? त्यांच्यापर्यंत गुरू पोहोचत नाही आणि दाताही पोहोचत नाही. पोहोचतो तो पर्यटक. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते योग्यच झाले. वारली चित्रे साड्यांवर आणि कपबश्यांवर जाऊन बसली. त्यामुळे किती पाड्यांचे स्थलांतर थांबले?

यावर आपल्यातलेच काही कार्यकर्ते विचारतील: ज्या तालुक्यात १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली, तेथे आधी भाकरीचे बोलावे की नाचाचे? हा प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यातील वाटणी चुकीची आहे. श्रीमंताला भाकरीही हवी आणि कलाही. गरिबाला मात्र भाकरी मिळाली की पुरे, हे मालकाचे गणित आहे. समाजवाद्यांनी ते मान्य करण्याचे कारण नाही. भाकरी आणि कला दोन्ही एकाच दाराशी अडतात. त्या दारावर लिहिलेले असते, ‘दात्याच्या मर्जीनुसार’.

ही मर्जी मोडून काढण्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. १९४५ च्या वारल्यांच्या उठावाने वेठबिगारीला हादरा दिला, तो कोणा दयाळू सावकारामुळे नव्हे. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने काम ही भीक नसून हक्क आहे, हे तत्त्व मान्य केले. तेच तत्त्व गुणवत्तेलाही लागू केले पाहिजे. आश्रमशाळांत नियमित वेतनावर नृत्यशिक्षक आणि तारपावादक नेमावेत. होतकरू मुलामुलींना सार्वजनिक खर्चाने शिष्यवृत्ती व वसतिगृह मिळावे, मग त्यांना बॅले शिकायचा असो की आणखी काही. आणि कापणीनंतर गावातच काम मिळावे, म्हणजे शाळेत मूल उरेल.

मनीष आणि अमीरुद्दीन यांचे अभिनंदन जरूर करावे. परंतु त्यांचा खरा गौरव त्या दिवशी होईल, ज्या दिवशी टॅक्सीचालकाचा किंवा वीटभट्टी कामगाराचा मुलगा उत्तम नाचला तर त्याच्या बापाच्या धंद्याची बातमी होणार नाही.