विश्लेषण : जिवंत पेशीत चमकणारा आरएनए, पण दिसते तेच खरे का?

यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांतील जनुके जवळपास सारखीच. तरी दोघींची कामे वेगळी, कारण कोणते जनुक केव्हा सुरू व्हायचे हे प्रत्येक पेशीत निराळे ठरते. जनुक सुरू झाले की आधी त्याची आरएनए ही प्रत तयार होते. जिवंत पेशीत ही प्रत बनताना आता पाहता येते.

पूर्वी अडचण काय होती?
लाखो पेशी फोडून त्यांतील आरएनए एकत्र मोजला जाई. हाती येई ती सरासरी. शंभरातल्या दहाच पेशींत जनुक जोरात सुरू असले, तरी आकडा पाहून ते सगळ्यांतच थोडेथोडे सुरू आहे असे वाटे. औषधाला दाद न देणाऱ्या मूठभर कर्कपेशी अशाच सरासरीत लपून राहतात.

आरएनए चमकतो कसा?
एमएस२ हा जिवाणूंना ग्रासणारा विषाणू. त्याचे एक प्रथिन आरएनएच्या विशिष्ट घडीला घट्ट चिकटते. रॉबर्ट सिंगर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये यीस्टच्या आरएनएत अशा घड्या ओवल्या आणि त्या प्रथिनाला जेलीफिशमधील हिरवे चमकणारे प्रथिन जोडले. सूक्ष्मदर्शकाखाली आरएनएचा ठिपका फिरताना दिसू लागला. हे हिरवे प्रथिन जेलीफिश का चमकते, या निव्वळ कुतूहलातून सापडले होते. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यालाच मिळाले.

त्यातून काय कळले?
अनेक जनुके नळासारखी सतत वाहत नाहीत. ती झटक्याने सुरू होतात, काही वेळ थांबतात, पुन्हा सुरू होतात. शेजारच्या दोन सारख्या पेशींतही ही वेळ जुळत नाही.

मग डोळ्यांवर विश्वास ठेवावा का?
ठेवावा, पण पडताळून. चमकते ती आरएनएवर चढवलेली खूण. यीस्टमध्ये असे आढळले की, या घड्यांमुळे आरएनएचे विघटन अर्धवट राहू शकते. मूळ रेणू संपला तरी खुणेचा तुकडा चमकत राहतो. त्यामुळे खूण न जोडलेल्या पेशींतील मोजणीशी ताळा जुळल्याशिवाय निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सरासरीने फसवले म्हणून चित्राकडे वळायचे आणि चित्रावर डोळे झाकून विसंबायचे, यात शहाणपण नाही. उद्या अशा चित्रांवरून औषधे पारखायची असतील, तर हा ताळा आजच हवा.