आवळा आणि ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी

“जें आवळ्यांत तेंच या गोळींत, मग मोरावळ्याचा खटाटोप हवा कशाला?” असा सवाल हल्लीं घरोघर सुना करितात आणि सासूबाई निरुत्तर होतात. या वादाचा एका अंगानें तरी निवाडा करील असा एक प्रयोग कलकत्त्यास झाला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

पेशींच्या पोटांत गुणसूत्रें असतात व त्यांतील डी. एन. ए. नामक तंतूंत देहाच्या घडणीचा आलेख असतो, हें घरांतील शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. शिशासारख्या विषाच्या आघातानें हा तंतु तुटतो. पुष्कळशी मोडतोड पेशी आपली आपण सांधते. जी राहून जाते ती पुढील पेशींच्या वांट्यास येते, आणि कर्करोगाचें मूळ कधीं कधीं तेथेंच असतें. आपल्या रसशास्त्रांत शिशाला ‘नाग’ म्हणतात, आणि आवळीला ‘धात्री’ म्हणजे दाई. या नागाची व दाईची गांठ घालून पाहण्याचें काम कलकत्ता विद्यापीठांत अर्चना शर्मा (१९३२–२००८), गीता तालुकदार व त्यांचे सहकारी यांनीं केलें.

त्यांनीं उंदरांना सात दिवस आवळ्याचा अर्क तोंडावाटे दिला आणि मग शिशाचें नायट्रेट पोटांत टोंचलें. दुसऱ्या कांहीं उंदरांना अर्काऐवजीं केवळ ‘क’ जीवनसत्त्व, अर्काशीं तुल्य अशा मात्रेनें, दिलें. नंतर अस्थिमज्जेंतील पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं घेऊन मोडलेलीं गुणसूत्रें मोजलीं. ॲल्युमिनियमच्या क्षारावरहि हाच प्रयोग झाला. १९९० सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : विष थोडें असतांना निव्वळ जीवनसत्त्वानेंहि भागलें; मात्रा वाढतांच तें अपुरें पडलें. अर्कानें मात्र अधिक रक्षण केलें, आणि शिशाच्या बाबतींत हा फरक विशेष ठळक दिसला. अर्कांतील सर्व द्रव्यांची एकत्रित क्रिया हें त्याचें कारण असावें, असें त्यांनीं सुचविलें. आवळा नुसता आंबट नाहीं, चांगला तुरटहि आहे; आणि हीं तुरट द्रव्यें धातूला बांधून ठेवूं शकतात. गोळींत तुरटपणा कोठून येणार?

सासूबाई जिंकल्या खऱ्या, पण त्यांनींहि फार हुरळून जाऊं नये. प्रयोग उंदरांवरचा, अर्क दिला तो विषाच्या आधीं, विष भिनल्यावर उतारा म्हणून नव्हे. शिवाय शिजवून पाकांत मुरविलेला मोरावळा आणि तो अर्क एकच, असें कोणी सिद्ध केलेलें नाहीं.

आणि खरी गोष्ट स्वयंपाकघरांतच आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करितांना महागड्या कथिलांत स्वस्त शिसें मिसळण्याची लबाडी चालते. अशा पातेल्यांत चिंचेचें सार उकळलें म्हणजे आंबटानें शिसें विरघळून सर्वांच्या, आणि विशेषतः वाढत्या मुलांच्या, पोटांत जातें. तेंच सार वाढून वर आवळ्याची फोड देणें ही कसली काळजी? कथील विश्वासाच्या दुकानांतून आपण आणून द्यावें व कल्हई डोळ्यांदेखत करून घ्यावी. जुन्या घराच्या भिंतीवरील रंगाचे पापुद्रे खरवडावयाचे असतील तेव्हां मुलांस दूर ठेवावें. लेंकराविषयीं संशय असल्यास रक्तांतील शिशाची तपासणी डॉक्टरांकडून करवावी, आणि तोंपर्यंत संशयित भांडें चुलीवर चढवूं नये.