कॉर्नवॉलची गोष्ट आणि आमचा मराठीचा तास



गेल्या पालक सभेत एक सूचना आली. सहावी ते आठवीचे मराठीचे तास कमी करून ते कोडिंगला द्यावेत, कारण पुढे मराठीचा उपयोग काय, असे काही पालकांनी विचारले. प्रश्न रागावण्यासारखा नाही. विश्वस्त मंडळ नव्या सत्रापूर्वी याचा निर्णय घेणार आहे. त्याआधी आम्हाला इंग्लंडच्या एका कोपऱ्याची हकीकत आपल्यापुढे ठेवायची आहे.

इंग्लंडचा नकाशा उघडला तर नैऋत्येला समुद्रात शिरलेले एक निमुळते टोक दिसते. ते कॉर्नवॉल. तिथली माणसे आपल्या भाषेत त्याला कर्नो म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यांना ते अगदीच परके नाही. खाणकामगारांचा सुरक्षा दिवा बनवणारे हम्फ्री डेव्ही १७७८ साली तिथल्या पेन्झान्स गावी जन्मले. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी २४ डिसेंबर १८०१ रोजी कॅम्बोर्न गावच्या चढावर माणसे बसवून वाफेची गाडी चालवली. आणि १८७० साली मुंबईशी जोडणारी समुद्राखालची तार इंग्लंडच्या ज्या किनाऱ्यावर वर काढली, ते पोर्थकर्नो गावही तिथलेच. मुंबईहून निघालेला संदेश एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करीत या लहानशा वाळूच्या किनाऱ्यावर पोचायचा आणि तिथून पुढे लंडनला जायचा.

या प्रदेशाला इंग्रजीहून वेगळी, स्वतःची भाषा होती. कॉर्निश ही वेल्श आणि ब्रेटन या भाषांची बहीण. गावांच्या नावांत ती अजून दिसते. नावात ‘त्रे’ असेल तर वस्ती, ‘पोल’ असेल तर डोह, ‘पेन’ म्हणजे टोक किंवा डोके. पेन्झान्स म्हणजे पवित्र टोक. उघड्यावरच्या गोल रिंगणांत या भाषेत धार्मिक नाटके होत, आणि सेंट जस्ट गावात तसले एक रिंगण अजून आहे.

मग ही भाषा गेली कशी? १५४९ साली राजाज्ञेने चर्चमध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले. कॉर्नवॉल आणि शेजारच्या डेव्हनचे लोक उठले, एक्सेटर शहराला त्यांनी वेढा घातला, आणि सैन्याने हजारो माणसे मारून ते बंड मोडले. वेल्श लोकांना १५८८ मध्ये आपल्या भाषेत संपूर्ण बायबल मिळाले. कॉर्निशला त्या काळात ते कधीच मिळाले नाही. हा फरक आम्हाला फार मोठा वाटतो, कारण वेल्श आजही लाखो लोक बोलतात.

तरीही सगळा दोष सैन्याच्या माथी मारणे आम्हाला पटत नाही. बंडानंतर ही भाषा दोनशेहून अधिक वर्षे जगली. ती पश्चिमेकडे सरकत सरकत शेवटी समुद्रकाठच्या कोळ्यांच्या वस्त्यांत उरली. बाजार इंग्रजीचा, कचेरी इंग्रजीची, देऊळ इंग्रजीचे. मग घराघरांतून आईबापांनी ठरवले असेल की पोराला ही भाषा काय कामाची. कोणी बंदी घातली नव्हती. मासे विकणाऱ्या डॉली पेंट्रीथ या माउझल गावच्या बाई १७७७ साली वारल्या. बालपणापासून कॉर्निश बोलणाऱ्या त्या शेवटच्या, असे परंपरेने मानतात. त्यांच्यानंतरही कोणाकोणाला ती येत होती, असे काही विद्वान म्हणतात, तो वाद चालू द्या. १८६० मध्ये नेपोलियनच्या घराण्यातल्या एका भाषाप्रेमी राजपुत्राने पुढाकार घेऊन पॉल गावच्या चर्चजवळ त्यांचे स्मारक उभारले. भाषा तोंडात होती तोवर विचारपूस कमी, आणि दगड मात्र मजबूत!

पुढे एकोणिसाव्या शतकातही तिथल्या काही म्हाताऱ्या कोळ्यांना कॉर्निश आकडे तेवढे पाठ होते. भाषा जाते तेव्हा आकडे शेवटी जातात, असे दिसते. आपल्याकडे उलटे चालले आहे. आमच्या सातवीच्या वर्गात ‘एकोणसत्तर’ म्हटले की मुले एकमेकांकडे बघतात. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो, म्हणून सवयीने ‘उनहत्तर’ सांगतो, तर तेही चालत नाही. ‘सिक्स्टी नाईन’ म्हटले की सर्वांचे चेहरे उजळतात.

कॉर्निश पुन्हा उभी करण्याचे काम १९०४ मध्ये हेन्री जेनर यांच्या व्याकरणाच्या पुस्तकापासून जोमाने सुरू झाले. नंतर अनेक दशके तिचे अभिमानी शुद्धलेखनावरून आपसांत भांडत राहिले (हे वाचून कोणाला आपले मराठी समाज आठवले तर आमचा इलाज नाही). २००२ साली ब्रिटिश सरकारने या भाषेला मान्यता दिली, २००८ मध्ये सर्वांना चालेल असे एक लेखन ठरले, २०१० मध्ये युनेस्कोने तिला ‘मृत’ या वर्गातून बाहेर काढले. आणि २०११ च्या जनगणनेत आपली मुख्य भाषा कॉर्निश आहे असे किती जणांनी लिहिले? ५५७. शंभर वर्षांच्या मेहनतीनंतर एवढे. २०१६ मध्ये सरकारने भाषेसाठीचे वर्षाचे दीड लाख पौंडांचे अनुदानही थांबवले. तरी लोक संध्याकाळच्या वर्गांना जातात, मुलांना शिकवतात. त्यांच्या जिद्दीला आमचा नमस्कार. पण घरात फुकट मिळणारी वस्तू गमावून पुन्हा विकत घ्यायला किती पडते, हा हिशोब पालकांनी करावा.

आता दुसरी बाजू. कथील आणि तांब्याच्या खाणी हे कॉर्नवॉलचे पोट होते. १८६० नंतर तांब्याचे भाव कोसळले आणि खाणकामगार जगभर पांगले. काही आपल्या देशात कोलारच्या सोन्याच्या खाणींवरही आले, कारण त्या खाणी १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स ही ब्रिटिश कंपनी चालवत होती आणि तिला कॉर्नवॉलच्या कसबी माणसांची गरज होती. मेक्सिकोत पाचुका शहराजवळ जे गेले, त्यांनी आपली पास्टी तिथे नेली. पास्टी म्हणजे आपल्या करंजीची थोरली बहीण म्हणा, आत गोमांस, बटाटा, कांदा आणि सलगमाच्या जातीचा कंद, कडा मुरडलेली. मेक्सिकोत आज तिला ‘पास्ते’ म्हणतात आणि मिरची घालून खातात. ऑस्ट्रेलियातल्या मूंटा आणि आसपासच्या गावांनी १९७३ पासून कॉर्निश उत्सव सुरू केला, तो दर दोन वर्षांनी भरतो.

कॉर्नवॉलमधली साउथ क्रॉफ्टी ही कथलाची खाण १९९८ मध्ये बंद पडली. कड्यांवरची उंच धुराड्यांची इंजिनघरे २००६ मध्ये जागतिक वारसा झाली. आमच्या इंदूरकरांना हे वेगळे सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद झाली, कामगारांची थकलेली देणी मिळायला बत्तीस वर्षे लागली, पण अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या निघतच राहिल्या.

कॉर्नवॉलचे सण पाहण्यासारखे आहेत. १ मे रोजी पॅडस्टोत काळ्या कापडाचा अक्राळविक्राळ ‘घोडा’ ढोलांच्या तालावर गल्लोगल्ली नाचतो. पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हेल्स्टन. तिथे ८ मे रोजी (रविवार किंवा सोमवार आला तर आधीच्या शनिवारी) सकाळपासून संध्याकाळपर्यंत गावभर नाच चालतो. त्यातला एक नाच फक्त शाळेच्या मुलांचा. गावातल्या शाळांची जवळजवळ हजार मुले पांढरे कपडे घालून जोडीजोडीने रस्त्यांवरून नाचत जातात. ही मुले सणाचे प्रेक्षक नसतात, सण त्यांच्या पायांवर चालतो. आणि हे शाळा करते.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती अशी. मराठीचा एकही तास कमी करू नये. कोडिंग जरूर यावे, ते शनिवारी आणि शाळा सुटल्यावर घेता येईल. त्याबरोबर सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही करावी. आजीआजोबांना विचारून त्यात लिहावे की आपले घराणे या शहरात कधी आणि कशासाठी आले, घरात कोणते पदार्थ होतात ज्यांना हिंदीत नावच नाही, गल्लीचे जुने नाव काय होते, आणि आजी कोणते शब्द वापरते जे आई वापरत नाही. शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत. लिहिता येत नसेल तर आजीच्या आवाजात फोनवर भरून आणावे.

वह्या दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. ज्यांच्या घरी आजीआजोबा नाहीत, त्यांनी आमच्या खोलीत यावे. शाळेच्या जवळ राहणाऱ्या आठ-दहा वृद्ध मंडळींनी वेळ द्यायचे कबूल केले आहे.