नव्या गाडीची लपवलेली खोड

सांगोल्याच्या रविवारच्या जनावरांच्या बाजारात बैल घेताना माझे वडील आधी त्याच्या तोंडात हात घालून दात पाहत, मग त्याला चार पावले चालवून पाहत आणि शेवटी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारत, ‘‘खोड काय?’’ विकणारा कधी खरे सांगे, कधी निम्मेच सांगे. त्या बाजारात शिंगे तासून, रंगवून म्हातारा बैल तरणा म्हणून खपवणारे नव्हतेच असे कोणी समजू नये. परंतु प्रश्न उघडपणे विचारला जाई आणि त्याचे उत्तर चार माणसांदेखत द्यावे लागे. पुढे बैल मारका निघाला, किंवा औताला जुंपल्यावर मध्येच बसू लागला, तर पुढच्या बाजारी त्या चार माणसांसमोर जाब विचारता येत असे.

हे आठवण्याचे कारण माझ्या भाच्याची मोटार. २०२४ सालच्या दसऱ्याला त्याने अकरा लाखांच्या घरातली नवी गाडी घेतली. अकलूजच्या पंचक्रोशीत नवी गाडी ही काही एकट्याची बाब नसते. उसाचे बिल, थोडी बचत आणि उरलेले बँकेचे कर्ज अशी जुळवाजुळव झालेली असते. एमएच-४५ची पाटी लागली की गाडी आधी पंढरपूरला जाते, मग सगळ्या पाहुण्यांच्या दारात. चार महिन्यांनी पार्किंगमध्ये मागच्या दाराला ओरखडा पडला म्हणून तो गावातल्याच एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेला. त्या कारागिराने दार उघडले, रबर बाजूला सारले, बिजागरीच्या बोल्टांवरून बोट फिरवले आणि म्हणाला, ‘‘दादा, हे दार एकदा निघालंय. रंग बी कंपनीचा न्हाय.’’

रबराखाली फवाऱ्याचा रंग उडालेला होता आणि बोल्टांच्या डोक्यांवर पान्याच्या खुणा होत्या. पुढे पुण्यात जुन्या गाड्या तपासणाऱ्या एकाकडून रंगाची जाडी मोजून घेतली. इतर पत्र्यावर ती १२० मायक्रॉनच्या आसपास भरली, तर त्या दारावर आणि त्यामागच्या पत्र्यावर ४००च्या वर. याचा अर्थ उघड होता. गाडी ताब्यात येण्यापूर्वीच तिला ठोकर बसली होती, पत्रा ठोकून, पुट्टी भरून, रंग मारून ती नवी म्हणून विकली गेली होती.

शोरूममध्ये तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मीही बरोबर होतो. पहिल्या खेपेचे उत्तर होते, ‘‘सर, असं होऊच शकत नाही.’’ दुसऱ्या खेपेला मोजमापाचा कागद पुढे ठेवल्यावर वाहतुकीत किरकोळ धक्का लागला असेल, असे सांगण्यात आले. तिसऱ्या खेपेला मॅनेजर साहेबांनी भाच्याच्याच सहीचा कागद काढून दाखवला. ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ असे त्यावर छापलेले होते. मग चहा आला आणि चहाबरोबर तडजोडही आली : दोन सर्व्हिसिंग मोफत, सीट कव्हर मोफत, आणि आपली कोणतीही तक्रार उरलेली नाही असे एक पत्र. हे प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून विक्रेत्याचे नाव लिहीत नाही. लिहिण्याची गरजही नाही. कारण हा एका दुकानाच्या सचोटीपुरता प्रश्न नाही. गाडीची खोड ज्याला ठाऊक असते त्याच्यावर ती सांगण्याची सक्ती आपल्या व्यवहारात कुठेच नाही, हा खरा प्रश्न आहे.

सक्ती का नाही, हे समजायला शोरूमच्या मागच्या बाजूला जावे लागते. मी तेथे अनेकदा गेलो आहे, ग्राहक म्हणून नव्हे, बँकेचा अधिकारी म्हणून. मोटार विक्रेता म्हणजे कंपनीचा नोकर किंवा मुनीम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. तो कंपनीकडून गाड्या स्वतःच्या नावावर विकत घेतो, बहुधा बँकेच्या पैशाने. यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीवर रोज व्याज चढत असते. कारखान्यातून ट्रेलरवर निघालेली गाडी चढवताना, उतरवताना किंवा यार्डात हलवताना घासते, ठोकते. ही धंद्यातली नित्याची गोष्ट आहे आणि तिच्यासाठी विमाही असतो. गाडी दुरुस्त करण्यात काहीच गैर नाही. गैर सुरू होते ते त्यानंतर. खोड सांगितली तर किंमत कमी करावी लागते. न सांगितली तर गाडी पूर्ण किमतीला जाते आणि व्याजाचे चाक थांबते. सांगणाऱ्याचे नुकसान आणि गप्प बसणाऱ्याचा फायदा अशी ही रचना असल्यावर सगळा भार विक्रेत्याच्या सद्सद्विवेकावर टाकणे भाबडेपणाचे आहे.

आता माझ्या खात्याविषयी. स्टॉक तपासणीला जाताना माझ्या हातात विक्रेत्याने दिलेले स्टॉक स्टेटमेंट असे. उन्हात उभे राहून मी एकेक चॅसिस नंबर जुळवत असे. नंबर जुळला की बरोबरची खूण. दार चेपलेली गाडी आणि न चेपलेली गाडी त्या कागदावर एकाच किमतीला उभी असे, आणि मी तिच्यावर सही करत असे. ग्राहकाला कर्ज देतानाही तेच. कोटेशन, मार्जिनची पावती, विमा, आरसी बुकावर बँकेचा बोजा, हे सारे आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहत असू. पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात जात. आमचे तारण म्हणजे ती गाडी, परंतु ती आम्ही कधी पाहिली नाही. इतक्या वर्षांत मी किती वाहनकर्जे मंजूर केली याचा हिशेब माझ्याजवळ नाही. त्यांतल्या किती गाड्यांचे दार एकदा निघालेले होते, हे तर मला कधी विचारावेसेही वाटले नाही.

बँक पाहत नाही, तसे सरकारही पाहत नाही. तयार बांधणीच्या नव्या मोटारीची नोंदणी आता विक्रेत्याकडूनच ऑनलाइन होते. विक्रीच्या दाखल्यावर म्हणजे फॉर्म २१वर निर्मितीचा महिना आणि वर्ष असते, फॉर्म २२मध्ये कारखानदार गाडी रस्त्यायोग्य असल्याचे प्रमाणित करतो. पण कारखान्याच्या फाटकापासून ग्राहकाच्या हातात किल्ली पडेपर्यंत तिचे काय झाले, हे सांगणारा रकानाच नाही.

मग कायदा काय म्हणतो? जुना, दुरुस्त केलेला किंवा नव्याने बनवलेला माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात होते आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९च्या कायद्यातही आहे. कायदा ग्राहकाला मालाचा दर्जा जाणून घेण्याचा हक्कही देतो. निवाडेही आहेत. प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या एका प्रकरणात, सदोष गाडी कोरी करकरीत म्हणून विकणे लाजिरवाणे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सुनावले. मात्र मारुतीच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले, की वॉरंटीने सदोष भाग बदलून मिळतो, आख्खी गाडी नव्हे. म्हणून तक्रार कशाबद्दल करायची हे पहिल्या दिवसापासून नीट ठरवावे लागते. ‘दार खराब आहे’ म्हटले की विक्रेता दार बदलून मोकळा होतो. ‘दुरुस्त केलेली गाडी नवी म्हणून विकली’ हे म्हणणे वेगळे आहे आणि ते वॉरंटीच्या पुस्तिकेत बसवता येत नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यातले एक प्रकरण या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखे आहे. तेथील एका ग्राहकाने २०११ साली टाटा इंडिगो गाडी नवी म्हणून घेतली. प्रत्यक्षात मिळाली ती २००९ साली बनलेली आणि ६२२ किलोमीटर धावलेली. जिल्हा मंच, राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग, तिन्ही पायऱ्यांवर विक्रेता आणि कंपनी दोघांनाही जबाबदार धरले गेले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला मोकळे केले. कंपनी आणि विक्रेता यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला आहे, विक्रेत्याच्या लबाडीची माहिती कंपनीला होती असे दाखवल्याशिवाय तिला जबाबदार धरता येत नाही, असा त्याचा आशय. विक्रेत्याची जबाबदारी कायम राहिली. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल समजण्यासारखा आहे. पण ग्राहकाची बाजू पाहा. तो जाहिरात कंपनीची पाहतो, विश्वास कंपनीच्या नावावर ठेवतो, शोरूमवर पाटीही तिचीच असते. भांडण मात्र त्याला दुकानदाराशी करावे लागते, आणि तेही दहा-दहा वर्षे.

याच मुद्द्यावर जगभर गाजलेला खटला अमेरिकेतला. १९९० साली अलाबामा राज्यातल्या एका डॉक्टरांनी सुमारे ४०,७५० डॉलरला नवी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिन्यांनी त्यांना कळले, की वाहतुकीत रंग खराब झाल्याने ती विक्रीपूर्वीच पुन्हा रंगवलेली होती. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांच्या आत असला तर सांगायचे नाही, असे त्या कंपनीचे धोरणच होते. रंगवण्याचा खर्च होता सुमारे ६०१ डॉलर, म्हणजे दीड टक्का. ज्यूरीने गाडीचे मूल्य ४,००० डॉलरने घटले असे मानले, म्हणजे जवळजवळ दहा टक्के, आणि वर ४० लाख डॉलरचा दंड ठोकला. ही रक्कम अवाच्या सवा आहे म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल फिरवला आणि दंड अखेरीस ५०,००० डॉलरवर आला. परंतु ज्यूरीच्या निकालानंतर कंपनीने धोरण बदलले होते. दुरुस्ती कितीही किरकोळ असो, ती सांगायची असे ठरले.

माझ्यातल्या बँकवाल्याला या खटल्यातले दोन आकडे महत्त्वाचे वाटतात : दीड टक्का आणि दहा टक्के. दुरुस्तीचा खर्च थोडा, पण ती झाली आहे हे कळल्यावर मूल्यातली घट कितीतरी मोठी. या दोहोंमधला फरक म्हणजे गप्प बसण्याची किंमत, आणि ती ग्राहकाच्या खिशातून जाते. ‘‘आम्ही दुरुस्त करून दिली ना!’’ हे शोरूमचे वाक्य ऐकताना हा हिशेब डोळ्यांसमोर असावा.

भाच्याने शेवटी तक्रार केली ती साधेपणाने. तडजोडीच्या पत्रावर सही केली नाही. दार पुन्हा रंगवले नाही, कारण पुरावा तेथेच होता. जॉबकार्ड, मोजमाप आणि फोटो ठेवले, रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवून पीडीआयचा म्हणजे ताबा देण्यापूर्वीच्या तपासणीचा कागद आणि वाहतूक विम्याचा तपशील मागितला. उत्तर आले नाही. २०१९च्या कायद्याने एक फार मोठी सोय केली आहे. ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, घटनेपासून मुदत दोन वर्षांची, दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला फी ४०० रुपये, आणि १ जानेवारी २०२५पासून ई-जागृती ही ऑनलाइन व्यवस्थाही आहे. सोलापूर अकलूजहून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तेव्हा ही सोय लहानसहान नाही. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत व्हावा असे कायदा म्हणतो. तो तसा होतोच, असे मात्र कोणी वकील सांगणार नाही.

तक्रारीपूर्वीची एक रात्र मात्र सांगायलाच हवी. कोणीतरी भाच्याला सल्ला दिला होता : कशाला कोर्टकचेरी? गाडी दिसायला झकास आहे, वर्षभरात इंदापूर-बारामतीकडे कुणाला तरी देऊन टाक, रबर कोण काढून बघतंय? त्याने मला विचारले, ‘‘मामा, काय करू?’’ मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आयोगात वर्ष-दोन वर्षे घालवण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त होता, हे आकडेमोड करणाऱ्या माझ्या डोक्याला आधी कळले. मग तोच म्हणाला, ‘‘म्हणजे शोरूमवाल्यानं माझ्याशी केलं ते मी दुसऱ्याशी करायचं.’’ गप्प बसण्याचा फायदा असा हातोहात पुढे सरकत जातो. शेवटी तो कुणातरी अडल्यानडल्याच्या दारात जाऊन थांबतो, आणि त्या माणसाकडे ना मोजमाप असते, ना आयोगाची वाट पाहण्याचे बळ.

२२ सप्टेंबर २०२५ला लहान मोटारींवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. पहिली गाडी घेणारी कितीतरी कुटुंबे त्यामुळे शोरूमची पायरी चढू शकतात. त्यांच्यासाठी नवा कायदा करण्याची वाट पाहावी लागू नये. बँकांनी एक कागद वाढवला तरी पुरे. ‘कारखान्यातून निघाल्यापासून या चॅसिस नंबरच्या गाडीची कोणतीही दुरुस्ती वा रंगकाम झालेले नाही’, आणि झाले असल्यास कोणते, असे विक्रेत्याच्या सहीशिक्क्याचे निवेदन इन्व्हॉइसबरोबर आल्याशिवाय कर्जाची रक्कम सोडायची नाही. खोटे लिहून देणाऱ्याला ‘तुम्ही सही केली’ हे वाक्य मग परत ऐकवता येईल. बँकेचे तारणही त्याने सुरक्षित होईल. ग्राहकानेही मुहूर्ताच्या घाईत ताबा घेऊ नये. उजेडात दारे उघडून, रबर सारून, निर्मितीचा महिना आणि किलोमीटर पाहून, मगच सही करावी आणि सहीखाली तारीख-वेळ घालावी. गाडी दसऱ्याऐवजी चार दिवसांनी दारात आली म्हणून काही बिघडत नाही.

मी नोकरीत असताना हा कागद मागितला असता तर विक्रेते कुरकुरले असते आणि वरिष्ठांनी मला नियम विचारला असता. नियम नव्हता, हे खरे. पण माझे वडील बैल घेताना ‘‘खोड काय?’’ हा प्रश्न विचारत, तेव्हा त्यांच्याजवळही कुठला नियम नव्हता.