तीन चाकांची बाबागाडी

नाताळच्या सुट्टीत मुलगा, सून व नातू पुण्याहून अमरावतीस येणार आणि तेथून आम्ही सारे तीन दिवस चिखलदऱ्यास जाणार, असे दिवाळीतच ठरले होते. नातवाचे वय त्या वेळी १४ महिने, वजन साडेदहा किलो. तो चालू लागला होता. परंतु आठ-दहा पावले टाकली की दोन्ही हात वर करून उचलून घेण्याची आज्ञा करावयाची, हा त्याचा शिरस्ता. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे गेली काही वर्षे तक्रार करीत आहेत आणि माझ्या मानेच्या मणक्यांविषयी या सदरात पूर्वी लिहून झाले असल्याने पुनरुक्ती करीत नाही. तेव्हा एक बाबागाडी घ्यावी असा ठराव झाला व ती निवडण्याचे काम, बँकेत ३६ वर्षे काढलेला मनुष्य म्हणून, माझ्याकडे आले.

प्रत्येकाच्या अटी निराळ्या होत्या. मुलाची मोटार सीएनजीवर चालणारी. डिकीची निम्मी जागा सिलिंडरने अडवलेली. उरलेल्या जागेत सामान ठेवून त्यावर बाबागाडी मावली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. सूनबाईला एका हाताने घडी होणारी गाडी हवी होती, कारण दुसऱ्या हातात मूल असते. सौभाग्यवतींना वर छत्र हवे होते. माझी अट मी बोलून दाखवली नाही. ती किमतीची होती. या सर्व अटींच्या बेरजेतून उत्तर निघाले ते घडी होऊन लहान होणाऱ्या तीन चाकी बाबागाडीचे.

तीन चाके म्हटली की आमच्या पिढीला पांगुळगाडा आठवतो. सुताराकडून करून घेतलेला, पुढे एक आणि मागे दोन लाकडी चाके, धरावयास आडवी दांडी. मूल तो धरून स्वतःच्या पायांनी त्याच्यामागे चालत असे. हल्ली मूल मध्ये बसवून सोडण्याचे जे गोल वॉकर मिळतात त्यांच्याशी याची गल्लत करू नये. मुले त्यांच्यासह जिन्यावरून कोसळत म्हणून कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. पांगुळगाड्यातील मूल पडले तर आपल्या उंचीवरून पडे व पुन्हा उठे. बाबागाडीतील मूल मात्र बसवलेले असते, बांधलेले असते आणि गाडी दुसऱ्याच्या हातात असते. हा फरक त्या वेळी माझ्या ध्यानात आला नाही.

घडीच्या बाबागाडीची कथा मला फार आवडली, कारण तिचा कर्ता एक निवृत्त आजोबा आहे. ओवेन मॅक्लारेन हे इंग्रज विमान-अभियंते. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केले होते. मुलीला लहान बाळासह प्रवास करताना जड बाबागाडीचा किती जाच होतो, हे पाहून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी बनवली व १९६५ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. विमानाची चाके पोटात दुमडून घेण्याची विद्या नातवंडाच्या कामी आली. याच नावाच्या कंपनीला पुढे २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांना आवरणे पुरवावी लागली, कारण गाडी उघडताना मुलांची बोटे त्यात सापडत. घडी जितकी चतुर, तितके बिजागऱ्यांचे सांधे अधिक. म्हणून गाडी उघडताना व मिटताना मूल हाताच्या अंतराबाहेर असावे.

तीन चाकांचा वंश वेगळा. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात फिल बेशलर नावाचे पत्रकार होते. धावण्याचा छंद सुटेना आणि मुलालाही वेळ द्यावयाचा, म्हणून १९८४ मध्ये त्यांनी सायकलीसारखी मोठी चाके लावून तीन चाकी गाडी तयार केली. तीन चाकांचा लाभ आपल्या घरातील तिवईने आपल्याला केव्हाच शिकवलेला आहे. चार पायांचा पाट ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतो. तिवई कोठेही ठेवा, तिचे तिन्ही पाय टेकतातच. शिवाय पुढे एकच चाक असल्याने गाडी चटकन वळते.

बाजारात मिळणाऱ्या लहान तीन चाकी गाडीने या दोन घराण्यांतून सोयीचे तेवढे उचललेले असते. घडी इंग्रज आजोबांची, आकार धावणाऱ्या गाडीचा. पण मोठी चाके मात्र घेतलेली नसतात, कारण ती घेतली तर घडी लहान होत नाही. वीतभरदेखील नसलेली, कठीण फोमची चाके त्या जागी असतात.

मी रीतसर तक्ता केला. चार गाड्या, त्यांचे वजन, घडीची लांबी, किंमत, हमीचा काळ. अमरावतीच्या एका दुकानात जाऊन गुळगुळीत फरशीवर रिकामी गाडी एका बोटाने ढकलून पाहिली. ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली. साडेचार हजार रुपये मोजले आणि घरी आलो. तारण मालमत्ता स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही न करणारा अधिकारी अशी माझी ख्याती होती. त्याच मनुष्याने चिखलदऱ्यासाठी घ्यावयाची गाडी दुकानाच्या फरशीवर पसंत केली.

चिखलदरा ज्यांनी पाहिले आहे त्यांना तेथील जमीन सांगावयास नको. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे ते पठार सपाट म्हणावे तर प्रत्येक पॉइंटाकडे जाणारा रस्ता शेवटी उतरतो. डांबराची कड तुटलेली, कडेला मुरूम आणि बारीक खडी. पहिल्या दिवशी सकाळी धुके विरल्यावर आम्ही एका पॉइंटाकडे निघालो. परतवाड्यास रस्त्याच्या कडेला घेतलेली तीनएक किलो संत्री थैलीत होती. हात मोकळे राहावेत म्हणून ती थैली मी बाबागाडीच्या डाव्या मुठीला अडकवली. सूनबाई नातवाला बसवून खांद्याचे, कमरेचे व मांड्यांमधला असे पाचही पट्टे लावीत होती. मी म्हणालो, "अगं, येथून तेथवर तर जायचं आहे, एवढं कशाला?" ती म्हणाली, "असू द्या बाबा, लागतो एक मिनिट." आणि तिने शेवटचा पट्टा अडकवला.

उतारावर मधेच माझा फोन वाजला. निवृत्तिवेतनाच्या थकबाकीसंबंधी एका जुन्या सहकाऱ्याचा तो फोन असणार, हे मला ठाऊक होते. त्या गाडीला मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र ब्रेक होता. दोन्ही पायाने दाबावयाचे. मी उजवा दाबला आणि चष्मा काढण्यासाठी दोन्ही हात मुठीवरून काढले.

पुढचे सारे दोन-तीन सेकंदांत घडले, परंतु मी ते नंतर अनेकदा मनाशी सावकाश पाहिले आहे. उजवे चाक अडकलेले, डावे मोकळे. गाडी सरळ खाली न जाता उजव्या चाकाभोवती फिरली. पुढचे चाक फिरते असल्याने त्याने काहीच अडवले नाही. गाडी उताराला आडवी झाली. डावी बाजू उताराकडे आणि त्याच बाजूला तीन किलो संत्री. पुढचे चाक डांबराच्या तुटक्या कडेत गेले आणि गाडी मुलासह डाव्या अंगावर पडली.

संत्री उतारावरून गडगडत गेली. मी गाडी उचलण्यासाठी वाकलो, तोच कणसे भाजणारा एक गृहस्थ धावत आला व म्हणाला, "बाबूजी, गाडी राहू द्या, आधी पोराले पाहा." नातू पट्ट्यांत लोंबकळल्यासारखा आडवा होता. डोके जमिनीला टेकले नव्हते. डाव्या कोपराला खरचटले होते आणि तो रडण्यापूर्वीचा लांब श्वास घेत होता. मग तो रडला. तो रडला तेव्हा मला हायसे वाटले, हे आजही लिहिताना संकोच होतो.

सूनबाईने त्याला उचलून घेतले. ती मला एक शब्दही बोलली नाही; त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मात्र पुढचे दोन दिवस बाबागाडीची मूठ तिच्या किंवा मुलाच्या हातात होती. मी हात पुढे केला की "राहू द्या बाबा, मी घेते" असे अगदी मृदू स्वरात उत्तर येई. परतताना मुक्तागिरीला दर्शनास गेलो. ५२ मंदिरांचे ते क्षेत्र डोंगरात वसलेले. पायऱ्यांवर बाबागाडीचे काय काम? ती डिकीतच राहिली आणि नातू बापाच्या खांद्यावरून वर गेला. बाबागाडीचा विषय निघणार नाही अशी ती एकच जागा मला त्या सहलीत लाभली.

घरी आल्यावर मी कागद घेऊन बसलो. चार चाकांच्या गाडीचा जमिनीवरील आधार चौकोनी असतो. तीन चाकीत तो त्रिकोण होतो, म्हणजे पुढचे दोन्ही कोपरे कापले जातात. तिवई डुगडुगत नाही हे खरे. पण तिच्या दोन पायांच्या मधल्या कडेवर भार टाकला तर ती उलटते, हेही तितकेच खरे. त्रिकोण पुढे निमुळता होतो, म्हणून मुलाची बैठक जितकी मागच्या चाकांजवळ, खाली आणि मागच्या दोन चाकांतील अंतर जितके जास्त, तितकी गाडी स्थिर. लहान घडीच्या हव्यासापायी नेमके हेच अंतर कमी केलेले असते. माझ्या तक्त्यात घडीच्या लांबीचा रकाना होता. चाकांमधील अंतराचा नव्हता.

मुठीला थैली अडकवण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. थैलीचा भार मागच्या चाकांच्याही मागे पडतो. मूल उचलले की गाडी उताणी होते आणि थैली एका बाजूला असेल तर कुशीवर. सामान बैठकीखालच्या टोपलीत ठेवावे, टोपली नसेल तर आपल्या खांद्यावर. उन्हाळ्यात छत्रावरून ओढणी किंवा चादर पांघरण्याचीही पद्धत आहे. अमरावतीच्या उन्हात असे केले की आत हवा खेळत नाही व तापमान वाढत जाते. त्यापेक्षा दुपारी बाहेर न पडणे बरे.

ती गाडी मी कोणास दिली नाही. तिचे ब्रेक असे आहेत हे ठाऊक असताना ती दुसऱ्याच्या मुलासाठी देणे मनाला पटेना, भंगारात काढली. फेब्रुवारीत दुसऱ्या दुकानात गेलो तो दहा किलो कणकेची पिशवी घेऊनच. पिशवी गाडीत बसवली, पट्टे लावले आणि दुकानासमोरच्या उतरत्या फरशीवर गाडी उभी, आडवी, तिरकी करून पाहू लागलो. दुकानातील मुलगा बराच वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, "काकाजी, पोट्टं कुठी हाये? का आट्यालेच फिरवाचं हाये?"

त्या दिवशी तीन गाड्या नापास झाल्या. चौथी घेतली तीही तीन चाकीच. चार चाकी का नाही, असे मुलाने विचारले. चिखलदऱ्याच्या जमिनीवर तिवईचा गुण मला सोडवेना. हिची मागची चाके रुंद अंतरावर आहेत. एकच पट्टी दाबली की दोन्ही मागची चाके एकदम अडकतात. खडीच्या रस्त्यावर पुढचे चाक सरळ रेषेत पक्के करण्याची खुंटी आहे. आणि मुठीला एक मनगटपट्टा आहे. युरोपातील ईएन १८८८ या मानकाचा उल्लेख तिच्या पत्रकावर होता. त्या मानकात ब्रेक, पट्टे व स्थैर्य यांच्या चाचण्या असतात. पत्रकावर विसंबून मात्र मी कणकेची पिशवी घरी ठेवली नव्हती. चाके पहिल्या गाडीपेक्षा मोठी असल्याने घडी मोठी होते, वजन दीड किलोने अधिक आहे आणि एका हाताने ती मिटत नाही. किंमत पहिल्या गाडीच्या जवळजवळ तिप्पट. सौभाग्यवतींना ती अद्याप सांगितलेली नाही, या लेखातून कळेल.

एक गोष्ट मात्र ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे त्यांच्यासाठी. अशा गाड्यांची पाठ बहुधा पूर्ण आडवी होत नाही. मूल आधाराविना बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, ती त्याच्या कामाची नाही. मान पुढे पडून त्याच्या श्वासाला अडथळा होऊ शकतो. आमचा नातू त्या वयाच्या पुढे गेला होता, म्हणून हा प्रश्न आम्हांला पडला नाही.

मे महिन्यात मंडळी पुन्हा आली आणि पुन्हा चिखलदरा ठरले. या वेळी एक बॅग मागच्या आसनावर आमच्या पायांपाशी आली आणि बाबागाडी डिकीत मावली. सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपून त्याच पॉइंटाकडे निघालो. सूनबाईने पाचही पट्टे लावले. मी ब्रेकची पट्टी दाबली, गाडी उताराकडे ढकलून पाहिली, आडवी करून पाहिली, पुढच्या चाकाची खुंटी बसवली, फोन सौभाग्यवतींच्या पर्समध्ये टाकला. मनगटपट्टा चढवीत असताना ती माझ्याकडे पाहत होती. "बाबा, तुम्ही आणता ना त्याला?" असे म्हणून ती सासूबाईंचा हात धरून पुढे चालू लागली. तो उतार संपेपर्यंत तिने मागे वळून पाहिले नाही.