अंबागडचं पाणी



धान कापून झालं, बांध्यांत लाखोळी फुलली आणि सकाळी तोंडातून वाफा निघू लागल्या, की आमच्या बपेऱ्याच्या पोरांची सुरुवात होते, "गुरुजी, सहल कुठं?" किल्ला म्हटलं की रायगड, सिंहगड आठवतात. पण आपल्या तुमसर तालुक्यातच एक किल्ला आहे. तुमसरपासून सुमारे १३ किलोमीटरवर, सातपुड्याच्या डोंगरावरचा अंबागड!

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह तुम्हाला ठाऊक आहे ना? नागपूर शहर वसवणारा तोच. त्याचा सुभेदार राजाखान पठाण. त्याने १७०० च्या सुमारास हा किल्ला बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आणि नंतर इंग्रजांकडे गेला.

चढून वर गेलात की तट आणि बुरूज जरूर बघा. पण पाण्याची जागाही शोधा. डोंगराच्या माथ्यावर नदी कुठून येणार? पावसाचं पाणी साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं. शत्रूने वेढा घातला, तर दाराला कितीही मोठे अडसर असोत, पाणी संपलं की किल्ला गेलाच समजा!

आता एक वाईट वाटणारी गोष्ट सांगतो. भोसल्यांच्या काळात अंबागड कैदखाना झाला. कैद्यांना इथल्या विहिरीचं साचलेलं, विषारी झालेलं पाणी प्यायला लावत, असं सांगतात. साचलेल्या पाण्यात पाला पडतो, कुजतो, प्राणवायू कमी होतो, रोगजंतू वाढतात. जे पाणी शिपायांना जगवायचं, तेच कैद्यांना मारायचं. त्या कैद्यांची नावं आज कुणालाच सांगता येत नाहीत. आणि आपण काय करतो? खिळा घेऊन त्याच भिंतींवर स्वतःचं नाव कोरतो! तुम्हीच सांगा, शोभतं का हे? दगडावरचा ओरखडा परत बुजत नाही.

उतरलात की जवळच्या गायमुखला जा. तिथे डोंगरातून वाहतं पाणी येतं. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. वरचं साचलेलं आणि खालचं वाहतं, दोन्ही पाणी एकाच दिवशी बघायला मिळतात.

परतताना तुमसरला थांबा. हे तांदळाच्या बाजाराचं गाव. इथे एक गंमत आहे. तुमसर टाऊन आणि तुमसर रोड अशी दोन स्टेशनं! तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा मॅंगनीजच्या खाणींच्या भागातून जातो. त्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं खनिज टॉर्चच्या सेलसाठी वापरतात. म्हणजे तुमच्या टॉर्चमध्ये आपल्याच तालुक्याची माती असू शकते!

करून बघा : दोन काचेच्या बाटल्यांत पाणी घ्या. एकीत मूठभर पाला टाका. दोन्हींच्या तोंडाला फडकं बांधा, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. आठ दिवस रंग आणि वास वहीत टिपा. चव मात्र मुळीच घेऊ नका!

आईबाबांसाठी : सहलीला पाणी घरूनच भरून द्या. आणि पोरांना एक प्रश्न विचारा : किल्ला शिपायाला कसा दिसत असेल, आणि कैद्याला कसा? उत्तरं ऐकताना घाई करू नका.

तुमचे,
गुरुजी